बाबांच्या रिपोर्टमधल्या दोन ओळी

ती. बाबा व ती. आई,
सा. न. वि. वि.

एमआर अँजिओचा, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या स्कॅनचा, रिपोर्ट वाचला. ‘उजवी पीसीए फीटल ओरिजिन’ (मेंदूच्या मागच्या भागाची धमनी गर्भातल्यासारखीच पुढून निघालेली) आणि ‘उजवी व्हर्टेब्रल हायपोप्लास्टिक’ (मानेतली मागची धमनी मुळात बारीक) हे आजार नव्हेत, ती जन्मापासूनची ठेवण आहे. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं जे कडं पुस्तकात काढतात, ते तसं पूर्ण बऱ्याच जणांना नसतं. त्यासाठी ना गोळी, ना ऑपरेशन. मात्र उद्या स्ट्रोकची शंका आलीच, तर याच ठेवणीमुळे निदान भरकटू शकतं.

मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागाला एरवी मानेतल्या मागच्या वाहिन्यांचं रक्त मिळतं. बाबा, तुमच्या उजव्या बाजूला ते कॅरोटिडमधून, म्हणजे मानेतल्या पुढच्या मोठ्या धमनीतून, येतं. तिथल्या चरबीच्या थरावरून गुठळी सुटली, तर ती थेट मागे जाऊन अडकू शकते. मग बहुधा तोंड वाकडं होत नाही, हात लुळा पडत नाही, बोलणंही स्वच्छ. फक्त डावीकडचं अर्धं दिसेनासं होतं. लोक अशा वेळी चष्मा बदलायला जातात! आई, तू त्यांना आळीपाळीने एकेक डोळा झाकायला सांग. दोन्ही वेळा डावीच बाजू गायब असेल, तर बिघाड डोळ्यात नाही, मेंदूत आहे. स्कॅनमध्ये मागचा भाग दुखावलेला दिसला की शोध मागच्या वाहिन्यांत आणि हृदयात सुरू होतो. तेव्हा उजवी कॅरोटिडही बघा, असं आवर्जून सांगायचं.

बारीक व्हर्टेब्रलचा घोळ उलटा. एमआर अँजिओत वाहतं रक्त दिसतं. प्रवाह मंद असला की वाहिनी तुटल्यासारखी वाटते आणि ‘बंद पडली’ असा शेरा पडू शकतो. सीटीत मणक्यातलं तिचं हाडाचं छिद्रही लहान असेल, तर ती बहुधा मुळातच बारीक. जुना स्कॅन शेजारी ठेवला की शंकेला फारशी जागा उरत नाही. त्यासाठी नुसता कागद नको, सीडी हवी. तिची प्रत मी करून ठेवते; रिपोर्टचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

पण फाइल शोधत थांबू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तिथून मोजतात. झोपेतून उठल्यावर त्रास जाणवला, तर रात्री झोपतानाची वेळ सांगायची. सीटीत रक्तस्राव नाही हे कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन देऊ नका, बीपीची जादा गोळीही नको, आणि तोंडाने पाणीसुद्धा नको.

तुमची,
ताई