तरणतलावात परतणाऱ्यांसाठी एक संथ लेन हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी फोंडा तालुक्यातील निवृत्त शिक्षिका असून ५७व्या वर्षी, तब्बल ३१ वर्षांच्या खंडानंतर, गेल्या नोव्हेंबरपासून पुन्हा पोहायला जाऊ लागले आहे. आमच्या पिढीतील अनेकांप्रमाणे मी पोहायला शिकले ती गावच्या तळीत, दोन असोले नारळ एकमेकांना बांधून ती जोडी पोटाखाली घेऊन. पुढे महाविद्यालयात असताना तलावात रीतसर सराव केला. नंतर नोकरी, संसार आणि घरातील आजारपणे यांत पोहणे सुटले ते सुटलेच. गुडघे दुखू लागल्यावर डॉक्टरांनी पोहण्याचा सल्ला दिला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण हा एक व्यायाम आपल्याला येतो असे मी धरून चालले होते.

पहिल्याच दिवशी पस्तीसेक मीटरवर माझा श्वास संपला. खोल पाण्यात मी लेनची दोरी धरली आणि जीवरक्षक तत्काळ धावून आला. त्याचे ऋण मी विसरणार नाही. असे का झाले, याचा विचार मी नंतर केला. एकदा अंगवळणी पडलेले पोहण्याचे कौशल्य दशके लोटली तरी जात नाही, पण हृदयाची आणि स्नायूंची दमदारी सराव थांबल्यावर दोन-चार आठवड्यांतच घटू लागते. त्यामुळे नवशिका माणूस उथळ पाण्यात जपून राहतो, तर परतलेला माणूस सवयीने थेट जुन्या वेगाने निघतो आणि मध्यावर अडकतो. मला वाटते, तलावावर नवशिक्यांइतकेच लक्ष या दुसऱ्या प्रकारच्या माणसांवर ठेवायला हवे, आणि नेमके तेच होत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पद्धत बदलली. उथळ बाजूने २५ मीटर अगदी सावकाश जायचे, कठड्याला धरून थांबायचे आणि एक पूर्ण वाक्य न धापता बोलता येईल तेव्हाच पुन्हा निघायचे. अशा आठ फेऱ्या झाल्या की त्या दिवसापुरते पुरे. सगळ्यात जास्त वेळ गेला तो श्वास सुधारण्यात. तोंड पाण्यात असतानाच श्वास हळूहळू सोडला नाही, तर मान वळवल्यावर सोडणे आणि घेणे ही दोन्ही कामे एका क्षणात उरकावी लागतात, मग डोके वर उचलले जाते, पाय खाली बुडतात आणि तेवढ्याच अंतराला दुप्पट कष्ट पडतात. तीन महिन्यांनी मी अर्ध्या तासात, थांबत थांबत, ५०० मीटर पार करू लागले. मधल्या काळात उत्साहाच्या भरात रोज पोहल्यामुळे उजवा खांदा धरला होता. पाण्यात शिरणारा हात डोक्यापुढून पलीकडच्या बाजूला जात असल्याने खांद्यावर ताण येतो, हे एका जाणत्या पोहणाऱ्याने दाखवून दिले. हात खांद्याच्या रेषेत टाकायला लागल्यावर आणि एक दिवसाआड जायला लागल्यावर दुखणे थांबले.

गळ्यापर्यंतच्या पाण्यात शरीराचे जवळजवळ ९० टक्के वजन पाणीच पेलते, म्हणून माझ्यासारख्या गुडघेदुखीच्या लोकांना हा व्यायाम मानवतो. मात्र त्याच कारणाने हाडांना पुरेसा भार मिळत नाही, तेव्हा माझ्या वयाच्या स्त्रियांनी जमेल तेवढे चालणेही सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. त्यातला निम्मा वाटा मी आता पाण्यात भागवते.

आता मूळ तक्रारीकडे येते. मी ज्या तलावावर जाते, तिथे मुलांच्या शिकवणीची बॅच आहे, स्पर्धकांच्या सरावाची बॅच आहे आणि उरलेली एक सर्वसाधारण वेळ आहे. या वेळेत प्रत्येक लेन वेगवान पोहणाऱ्यांच्या ताब्यात असते आणि कठड्याला धरून दम खाणारी व्यक्ती ही अडचण मानली जाते. ‘बाई, तुम्ही लहान मुलांच्या तलावात सराव करा,’ असे मला एका कर्मचाऱ्याने सर्वांदेखत सांगितले. तिथले पाणी कमरेइतके आहे. त्यात फेऱ्या मारता येत नाहीत. माझ्यासोबत आलेल्या, माझ्याच वयाच्या दोघी जणी त्या दिवसानंतर पुन्हा आल्या नाहीत. हे मला फार लागले.

मागणी मोठी नाही. कडेची एक लेन सकाळी व संध्याकाळी एकेक तास संथ पोहणाऱ्यांसाठी राखावी आणि तसा फलक लावावा. त्या लेनमध्ये एका बाजूने जावे, दुसऱ्या बाजूने यावे आणि कठड्याच्या कोपऱ्यात थांबायला मुभा असावी. स्पर्धेच्या तलावातील लेन अडीच मीटर रुंद असते. तेवढ्यात चार-पाच जण सहज पोहू शकतात. आठवड्यातून दोनदा प्रशिक्षकाने अर्धा तास या लेनकडे पाहिले, तर खांदे आणि श्वास दोन्ही वेळीच सुधारतील. पहिल्या दिवशी येणाऱ्या प्रौढाला ‘शेवटचे कधी पोहलात?’ एवढे जरी विचारले, तरी माझ्यावर आला तसा प्रसंग टळेल.

२०२३च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतील जलतरण आपल्या कांपाल येथे झाले, तेव्हा गोव्यातील मुले त्या पाण्यात उतरताना पाहून मलाही अभिमान वाटला होता. त्या मुलांच्या सरावाची एक मिनिटही कमी व्हावी असे माझे म्हणणे नाही. त्यांची वेळ संपल्यानंतरच्या तासातली एक दोरी आम्हाला हवी आहे. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, त्यात उतरू नये अशी सूचना असते, आणि पावसात रस्त्यावर चालणेही होत नाही. त्या चार महिन्यांत प्रौढांच्या व्यायामाला तलावासारखी दुसरी सोय नाही. म्हणून जूनचे वेळापत्रक लागण्याआधी राज्यातील सर्वच सार्वजनिक तलावांच्या व्यवस्थापनांनी याचा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लेन मिळाली, तर त्या दोघींना मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन बोलावून आणणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा