मित्रास पत्र: खोली भरली, पण मागे काय उरले?

वेंगन, १० नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. माथेरानच्या हॉटेलात आणखी आठ खोल्या बांधाव्यात आणि त्या भरण्यासाठी पावसाळ्यात भाडे निम्म्यावर आणावे, असा तुझा विचार आहे. स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये, वेंगनसारख्या डोंगरी गावात, इतकी वर्षे हॉटेल सांभाळताना मला जे कळले, ते तुझ्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी हे एकदा सावकाश वाच.

आपल्या दोघांचे धंदे वाटतात तितके वेगळे नाहीत. वेंगनलाही पाहुण्यांच्या मोटारी येत नाहीत. खाली लाउटरब्रुननला गाडी ठेवायची आणि १८९३ पासून चालणाऱ्या दातेरी रुळांच्या रेल्वेने वर यायचे. दस्तुरी नाक्यापासून तुझा माल घोड्यावर आणि हातगाडीवर येतो, तसा माझा रेल्वेने येतो. बटाट्यांची पोती, दूध, धुऊन आलेल्या चादरींची गाठोडी, या सगळ्यांवर चढणीचे भाडे बसते आणि ते पाहुण्याला कुठेच दिसत नाही.

१५ जानेवारी २०१५ हा दिवस मी विसरू शकत नाही. स्विस राष्ट्रीय बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँक ही मर्यादा त्या दिवशी अचानक उठवली, आमचा फ्रँक युरोच्या तुलनेत उसळला आणि युरोत कमावणाऱ्या जर्मन पाहुण्यांना आमचे हॉटेल एका दिवसात कितीतरी महाग झाले. आम्ही घाबरलो आणि मंदीच्या आठवड्यांत १८० फ्रँकांची खोली ११० ला देऊ लागलो. खोल्या भरल्या, जेवणघरात गर्दी दिसू लागली आणि आम्ही समाधानाने एकमेकांकडे पाहू लागलो. वर्षअखेर मात्र तोटा निघाला.

तेव्हा हिशेब पाहणाऱ्या बाईंनी धोब्याच्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने जे लिहून दाखवले, ते मी आजही नव्या माणसाला शिकवतो. १८० फ्रँकांतून ३.८ टक्क्यांचा मूल्यवर्धित कर, म्हणजे साडेसहा फ्रँकांहून थोडे अधिक, आधी वजा कर. बुकिंग संकेतस्थळाचे १५ टक्के कमिशन, म्हणजे २७ फ्रँक, गेले. साफसफाई आणि चादरी-टॉवेलांचे ३० व न्याहारीचे १५ गेले. हाती सुमारे १०१ उरले. आता ११० फ्रँकांच्या खोलीचे बघ. कर चार, कमिशन साडेसोळा, पण सफाई, चादरी आणि न्याहारीचे ४५ तेवढेच. उरले अवघे साडेचव्वेचाळीस! भाडे दोन पंचमांशाहून थोडे कमी घटले, पण हाती येणारी रक्कम निम्म्याहून खाली गेली. कर्जाचा हप्ता, छपराची दुरुस्ती, बॉयलर आणि पगार हे सारे त्या उरलेल्या रकमेतूनच जाते. त्या दिवसापासून किती खोल्या भरल्या हे विचारणे मी सोडले, आणि प्रत्येक रात्रीने मागे काय ठेवले हे विचारू लागलो.

खर्च तर तेव्हापासून वाढतच गेला आहे. येथील हॉटेल व्यवसायाच्या सामूहिक करारानुसार अकुशल कामगारालाही महिन्याला ३,६०० फ्रँकांहून अधिक किमान पगार, शिवाय तेरावा पगार आणि पाच आठवड्यांची भरपगारी रजा द्यावी लागते. ते योग्यच आहे, कारण या गावात राहणेही तितकेच महाग आहे. पण याचा अर्थ असा की रिकाम्या दिवशी उभा असलेला माणूस हा सर्वांत मोठा खर्च आहे. विजेचेही तसेच. वर्षाला एक लाख युनिटांहून जास्त वीज वापरणाऱ्याला येथे खुल्या बाजारातून ती घेता येते, आणि स्वस्ताईच्या काळात आम्हीही तिकडे गेलो होतो. एकदा गेल्यावर मागे फिरता येत नाही, याचा अर्थ २०२२ च्या भाववाढीत नवा करार करताना कळला. मग शीतगृहाच्या यंत्रांची वाया जाणारी उष्णता आम्ही आंघोळीच्या पाण्याला जोडली आणि मंदीत पाहुण्यांना सगळ्या मजल्यांवर विखरून न ठेवता एका बाजूला ठेवू लागलो, म्हणजे उरलेला भाग जेमतेम गरम ठेवून भागते.

पाहुणेही बदलले. पूर्वी लोक शनिवार ते शनिवार राहत आणि रात्रीचे जेवण धरूनच खोली घेत. आता ते फोनवर डोंगरावरच्या कॅमेऱ्याचे चित्र बघतात आणि बर्फ दिसला तर तीन दिवस आधी बुकिंग करतात. वेंगन १,२७४ मीटरवर आहे, आणि या उंचीवर डिसेंबरच्या बर्फाचा भरवसा आता धरता येत नाही. जानेवारीतील लाउबरहॉर्नच्या स्की शर्यतीच्या आठवड्यात हॉटेल आपोआप भरते, पण त्या आठवड्यावरून वर्षाचा अंदाज बांधणारा फसतो. उलट जुलै-ऑगस्टमध्ये मैदानी शहरांतील उकाड्याला कंटाळलेले लोक वाढत आहेत, त्यांना बर्फ नको, गारवा हवा असतो.

आता मे महिन्याचे सांगतो, कारण तुझ्या पावसाळ्याशी त्याचे साम्य आहे. ईस्टरनंतर आम्ही हॉटेल बंद करत असू. पण नेमक्या त्याच काळात आपल्याकडे शाळांना सुट्ट्या असतात, आणि मुंबई-पुण्याचे गट युंगफ्राउयोख ही जवळची बर्फाच्छादित उंच खिंड पाहायला येतात. त्यांचे दर कमी असतात, सकाळी सहाला न्याहारी लागते, वरणभाताची सोय करावी लागते. निव्वळ खोलीच्या हिशेबाने मे महिना फारसे देत नाही. तरीही मी तो चालू ठेवला, कारण बंद केला की चांगला आचारी दुसरीकडे जातो आणि दर हंगामात नवी माणसे शोधून शिकवण्याचा खर्च कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. गटाचे पैसे थेट आणि आगाऊ येतात, कमिशन नसते. नोव्हेंबरात मात्र हे काहीच नसते. म्हणून मी हॉटेल बंद ठेवतो, सर्वांना रजा देतो, आणि बाहेर धुके असताना तुला पत्र लिहायला वेळ मिळतो.

म्हणून तुला कळकळीने सांगतो, आठ खोल्या आत्ता बांधू नकोस. तुझ्या आहेत त्या खोल्या वर्षातील मोजक्या शनिवार-रविवारीच अपुऱ्या पडतात आणि एरवी रिकाम्या असतात, हे तूच लिहिले आहेस. त्या मोजक्या रात्रींसाठी कर्जाचा हप्ता बाराही महिने भरावा लागेल. पावसाळ्यात दर निम्मा करण्याऐवजी दोन रात्रींचे भाडे जेवणासह ठरव, आणि फोनवरून थेट येणाऱ्याला संकेतस्थळापेक्षा थोडे कमी सांग. १ डिसेंबर २०२२ पासून येथील कायद्याने हॉटेलांना ती मोकळीक मिळाली. संकेतस्थळाशी झालेल्या तुझ्या करारात याबद्दल काय लिहिले आहे, ते आधी वाचून घे.

मागच्या दोन पावसाळ्यांच्या वह्या मला पाठव, महिन्याच्या बेरजा नकोत, रोजच्या नोंदी हव्यात. धुलाई, गॅस आणि हातगाडीची मजुरी वेगळी दाखव. हॉटेल डिसेंबरपर्यंत बंद आहे, तेव्हा मी प्रत्येक रात्र तुझ्यासोबत फोनवर बसून तपासेन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा बालमित्र