टेकडीवर सायकल चालवा, पण नवीन वाटा पाडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सायकलवाल्यांनी उच्छाद मांडलाय अशी तक्रार हल्ली सारखी ऐकू येते, म्हणून एका सायकलवाल्याचंही ऐकून घ्या. मी कोथरूडचा, रविवारी सकाळी सहाला एमटीबी (माउंटन बाईक, डोंगरवाटांची सायकल) घेऊन टेकडीवर असतो, आणि खरं सांगायचं तर तक्रारीत तथ्य आहे कारण त्यातलं थोडं पाप माझंच आहे.

झालं असं की तीनेक वर्षांपूर्वी खाणीच्या वरच्या अंगाला मला एक शॉर्टकट सापडला, सापडला कसला, गवतातून मीच काढला, सरळ नाकासमोर खाली. भारी वाटलं, लगेच सायकलवाल्यांच्या ॲपवर सगळ्यांना दिसेल असा ट्रॅक टाकला, नाव पण दिलं त्याला! मग काय, दर रविवारी नवीन टायरचे ठसे. आता आपल्या टेकड्यांवर माती असते किती, कुठे कुठे तर वीतभर पण नाही, खाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. मागचा ब्रेक दाबून चाक घसरवत उतरलं की गवत मुळासकट निघतं आणि पावसाचं पाणी बरोबर तीच रेघ धरतं. दोन पावसाळ्यांत तिथे गुडघाभर घळ झाली, ती चुकवायला लोकांनी बाजूने दुसरी वाट पाडली, मग तिसरी. गुराख्यांच्या जुन्या वाटा बघा, त्या उताराला आडव्या, वळणं घेत जातात, पाणी त्यांच्यावरून धावत नाही, म्हणून तर टिकल्यात. ट्रॅक मी डिलीट केला. घळ आहे तिथेच आहे.

नवीन पोरं विचारतात ट्रेल शोधायच्या कशा. अरे आधी चालत जा ना! चतुःशृंगीकडून, लॉ कॉलेजच्या बाजूने, पाषाणच्या पंचवटीतून, कुठूनही चढा, दोन-तीन रविवार नुसतं पायी फिरा, रोज येणाऱ्या काका-काकूंना विचारा, पायांनी मळलेली वाट कुठली आणि कुठली कालपरवा कोणीतरी पाडलेली ते आपोआप कळायला लागतं. मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावला आणि फोटो उन्हाळ्यात गवत वाळल्यावरचा असला तर वाटा पांढऱ्या रेघांसारख्या दिसतात, पण दिसली म्हणजे चालवायची असं नाही, कुठे वनखात्याचं कुंपण असतं, कुठे कोणाची खाजगी जागा.

पावसाळ्याचं वेगळंच. माझा हिशोब साधा आहे, पायवाटेवर बुटाचा ठसा खोल उमटला की सायकल वळवायची आणि एआरएआयच्या (टेकडीवरची ती गाड्यांची संशोधन संस्था) डांबरी चढावर घाम गाळायचा. दोन-तीन दिवस ऊन पडलं की मुरूम परत घट्ट होतो. तेवढा धीर धरवत नसेल तर ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) आणून गॅलरीत ठेवा.

आणि घंटी लावा हो. तीस-चाळीस हजारांची सायकल आणि दीडशे रुपयांची घंटी जड होते? चालणाऱ्याला पहिली वाट द्यायची, मग चढून येणाऱ्या सायकलवाल्याला, कारण चढावर एकदा पाय टेकला की परत पेडल मारणं किती अवघड ते आपल्यालाच माहिती. उतरणाऱ्याने थांबायचं, विषय संपला.

गेल्या मे महिन्यात पठारावर एका आजोबांनी मला काठी आडवी धरून थांबवलं. मी जरा वैतागलोच. ते म्हणाले, "खाली बघ." वाटेच्या कडेला हातभर अंतरावर, उघड्या खड्यांतच टिटवीची चार अंडी, मातकट, काळे डाग असलेली, दगडच वाटतील. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती आणि मी कानात गाणी लावून चाललो होतो. "ती कधीची सांगतीये तुला," आजोबा म्हणाले. त्या दिवसापासून टेकडीवर कानात काही घालत नाही, आणि वाट सोडून बाजूने सायकल काढणं तर बंदच.

महापालिकेला आणि वनखात्याला एवढंच म्हणणं आहे की सरसकट बंदीच्या आधी कुठल्या वाटेवर सायकल चालेल आणि कुठल्या नाही अशा साध्या पाट्या लावून बघा. घळीत दगड रचून पाणी अडवायला माणसं हवी असतील तर आम्ही पाच-सहा जण रविवारी तिथे असतोच, मी तर आधी यायला हवा.

आपला,
एक सायकलवाला, कोथरूड