जो कॉकरची म्हणून आपण ऐकलेली गाणी

प्रिय दोस्ता,

फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं, म्हणून पत्र लिहितोय. सवडीने वाच, आणि जमलं तर शेजारी गाणी लावून वाच.

गेल्या आठवड्यात जो कॉकरची, आपल्या त्या फाटक्या आवाजाच्या इंग्रज गायकाची, ती जुनी सीडी काढली. आतली पुस्तिका मी इतक्या वर्षांत कधी उघडली नव्हती. या वेळी गाणी लावली आणि ती हातात घेऊन बसलो. प्रत्येक गाण्याच्या नावाखाली कंसात, बारीक अक्षरांत, रचणाऱ्यांची नावं छापलेली. लेनन-मॅकार्टनी. प्रेस्टन-फिशर. शार्प-पॉवेल. न्यूमन. पान उलटलं, पुन्हा मागे आलो. आपली जी चार लाडकी गाणी, त्यांतल्या एकाखालीही कॉकरचं नाव नाही.

आपण ती त्याची म्हणून ऐकली रे. नुसती त्याने गायलेली नाहीत, त्याची स्वतःची. तू म्हणायचास, हा माणूस भोगलंय तेच गातो, नाहीतर आवाज असा फाटत नाही. मला ते इतकं पटलं होतं की पुढे कुठलंही गाणं लागलं की मी त्यात त्याचं आयुष्य शोधायचो. म्हणून पहिल्यांदा काय वाटलं ते तुला खरं सांगतो. फार लागलं. जवळच्या माणसाने भरल्या गळ्याने पत्र वाचून दाखवावं, आणि ते पत्र भलत्याच कुणीतरी लिहिलेलं निघावं, तसं.

मग मी एकेक मूळ गाणं शोधून ऐकायला लागलो. चार रात्री गेल्या त्यात.

सुरुवात अर्थात 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स'पासून. ते बीटल्सचं, 1967च्या 'सार्जंट पेपर' अल्बममधलं. गायलंय रिंगो स्टारने, म्हणजे त्यांच्या ड्रमरने. गाणं पावणेतीन मिनिटांचं. रिंगोचा गळा बेताचा, म्हणून बँडमधल्याच लेनन आणि मॅकार्टनीने चालही त्याला झेपेल अशी बांधली. जवळजवळ सगळं गाणं पाच सुरांत फिरतं. शेवटचा चढा सूर तेवढा लांबवायचा होता, तो घ्यायला तो कचरत होता. बाकीचे त्याला प्रश्न विचारतात, तो साधेपणाने उत्तरं देतो. चांगल्या मनाच्या माणसाचं गाणं आहे ते. ऐकताना आपण मान डोलावतो आणि ते संपतं.

आता त्यानंतर लगेच कॉकरचं लाव, 1968चं. आधी ऑर्गन. मग गिटार अंगावर येते. ती जिमी पेजने वाजवलीय, त्याच्या लेड झेपलिन या बँडची पहिली रेकॉर्ड बाजारात यायच्याही आधी. ड्रम्सवर प्रोकोल हॅरम या बँडचा बी. जे. विल्सन. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ठेका. चार मात्रांत उड्या मारत जाणारं गाणं कॉकरने सहा मात्रांवर आणलं. दादऱ्यासारखं झुलतं ते, पण पाय जड झालेल्या माणसाने चालावं तसं. लय अर्ध्यावर आल्यासारखी वाटते आणि गाणं पाच मिनिटांच्या वर जातं. प्रश्न तेच, पण इथे ते मागच्या बायका विचारतात आणि हा एकटा त्यांच्यापुढे उभा असतो. रिंगो म्हणतो की मित्रांच्या मदतीने निभावतं माझं, तेव्हा आपण म्हणतो, निभावत असेल. कॉकर तेच म्हणतो तेव्हा वाटतं, मित्र वेळेवर आले नाहीत तर या माणसाचं काही खरं नाही. आणि मधली ती किंकाळी! ती कुठल्याच कागदावर लिहिलेली नव्हती. लेनन-मॅकार्टनीच्याही नाही.

नोव्हेंबर 1968मध्ये हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि पुढच्या ऑगस्टमध्ये कॉकर अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या मंचावर होता. ते चित्रण आपण कितीदा पाहिलंय. रंगीबेरंगी शर्ट, घामाने चिकटलेले केस, हातात वाद्य नाही, तरी बोटं हवेत गिटार वाजवतायत. आता ती बोटं पाहताना मला वेगळंच दिसतं. गाण्यातली एकेक जागा त्याच्या अंगात मुरली होती. लिहिणाऱ्याला जितकं माहीत असतं तितकंच, कदाचित जास्तच, त्याला ते गाणं माहीत होतं. मॅकार्टनीनेही पुढे या रूपाबद्दल त्याचे आभार मानले.

माझा सल इथे निम्मा कमी झाला. उरलेला कमी झाला तो कॉकरची सुरुवात वाचून. शेफील्डचा पोरगा, गॅसची जोडणी करायचं काम शिकलेला, रे चार्ल्स या अमेरिकन गायकावर जीव टाकणारा. 1964मध्ये त्याची पहिली रेकॉर्ड आली, तीसुद्धा बीटल्सचंच गाणं घेऊन, आणि ती कुणी विचारली नाही. 1969च्या पहिल्या अल्बममध्ये दहा गाणी आहेत. त्यांतली तीन त्याने त्याच्या कीबोर्डवादक ख्रिस स्टेन्टनबरोबर रचलेली, बाकी सगळी इतरांची. बॉब डिलनची दोन आहेत. म्हणजे त्याने काहीही लपवलं नव्हतं. नावं पहिल्या दिवसापासून छापलेली होती, आपण वाचली नाहीत.

आणि ती वाचायलाच हवीत, हे मला 'अनचेन माय हार्ट'ने शिकवलं. आपण ऐकलेलं कॉकरचं 1987चं. त्याआधी 1961मध्ये ते रे चार्ल्सने गायलं होतं. पण लिहिलं कुणी? बॉबी शार्प नावाच्या माणसाने. व्यसनाने पोखरला होता तो, हातात दमडी नव्हती. गाणं त्याने टेडी पॉवेल या प्रकाशकाला 50 डॉलरला विकलं. वर पॉवेलने रचनाकार म्हणून निम्मं श्रेयही मागून घेतलं. त्या कंसातलं दुसरं नाव तिथून आलंय. शार्प पुढे त्या हक्कांसाठी झगडला. व्यसनातून बाहेर आला आणि व्यसनी माणसांचा समुपदेशक झाला. 1987मध्ये गाण्याचे हक्क नव्याने त्याच्या स्वतःच्या नावावर झाले, आणि नेमकं त्याच वर्षी कॉकरने ते गाऊन पुन्हा जगभर नेलं. मला सोडव, मोकळं कर, असं विनवणारं गाणं, आणि लिहिणारा स्वतः असा जखडलेला. तू म्हणायचास ना, भोगलेलं ऐकू येतं? ते खरंच होतं. फक्त भोगणारा वेगळा होता. ही गोष्ट वाचली त्या रात्री मी गाणं तीनदा ऐकलं, आणि तिन्ही वेळा डोळ्यांसमोर शार्प होता.

'यू आर सो ब्यूटिफुल' मात्र तू एकटा असताना ऐक. ते बिली प्रेस्टनचं, ब्रूस फिशरबरोबर रचलेलं. बीटल्सच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्याबरोबर कीबोर्ड वाजवणारा तोच प्रेस्टन. 1974मध्ये आधी त्याने स्वतः गायलं. त्यात प्रार्थनेच्या गाण्याचा उत्साह आहे, आवाज भरलेला आहे, गाणं वर वर चढत जातं. त्याच वर्षी कॉकरने ते घेतलं आणि त्यातलं जवळजवळ सगळं काढून टाकलं. लय इतकी संथ केली की दोन शब्दांमध्ये त्याचा श्वास ऐकू येतो. आणि शेवटचा शब्द. तिथे सूर वर जायला हवा, तो जातो, आणि पोचता पोचता आवाज विरतो, चिरकतो, जवळजवळ तुटतो. दुसऱ्या कुणी तो तुकडा पुन्हा रेकॉर्ड केला असता. यांनी तसाच ठेवला. प्रेस्टनच्या गाण्यात ती सुंदर आहे याचा आनंद आहे. कॉकरच्या त्या तुटलेल्या सुरात, ती आपल्याजवळ राहील की नाही ही धास्तीही आहे. शब्द मात्र मुळातलेच.

दुसऱ्याचं गाणं गाणं म्हणजे नक्कल, असं मी आजवर मानत होतो. आता नाही मानत. नक्कल करणाऱ्याला मूळ गाण्यात बदलावंसं काही दिसत नाही. कॉकरला दिसायचं. गायिका जॅनिस जॉपलिनलाही दिसायचं. तिचं ते हृदयाचा तुकडा घे म्हणणारं गाणंही तिच्याआधी एर्मा फ्रँकलिनने गायलेलं आहे. ते शोधून ठेवलंय, पण त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

तुला आवडेल अशी एक गोष्ट. 1972च्या 'वुमन टू वुमन'खाली कॉकरचंच नाव आहे, स्टेन्टनसोबत. त्यातली पियानोची ठसठशीत ओळ आठवते? ती रॅप संगीतातल्या डॉक्टर ड्रेने उचलून 'कॅलिफोर्निया लव्ह'मध्ये घेतली, 1995मध्ये. ज्याने जन्मभर दुसऱ्यांची गाणी गायली, त्याच्या स्वतःच्या गाण्याचा तुकडा असा नव्या पिढीच्या तोंडी, अगदी वेगळ्या संगीतात जाऊन बसला. हे कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

मात्र एका ठिकाणी मी त्याच्या बाजूने नाही. 'यू कॅन लीव्ह युअर हॅट ऑन'. रँडी न्यूमनने ते 1972मध्ये गायलं तेव्हा खालच्या आवाजात, सावकाश, कुणाला ऐकू जाऊ नये असं गायलं. त्यातला हुकूम सोडणारा माणूस दुबळा आहे, एकटा आहे, ऐकताना अंग आकसतं. 1986मध्ये कॉकरने त्याला पितळी वाद्यांचा दणका दिला आणि तो माणूसच गायब झाला. उरली ती धमाल. आपण त्यावर नाचलोय, आणि ती धमाल खोटी नव्हती. पण न्यूमनने जे इतक्या बारकाईने उभं केलं होतं ते या रूपात कुठेही सापडत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

यावर तू माझ्याशी भांडणार हे मला पक्कं ठाऊक आहे. भांड. पण आधी न्यूमनचं दोनदा ऐक, दिवे मालवून, आणि मग लगेच लिही.

तुझ्या पत्राची वाट पाहतोय.

तुझाच