शाळेची चावी वाडीकडे राहू द्या: शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका वाडीत राहते, दोन मुलांची आई, मुलांचे बाबा विरारला कामाला. आमच्या वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा पट कमी झाला म्हणून बंद झाली आणि मुलं आता खालच्या गावातल्या शाळेत जातात. शाळा बंद करायला नको होती असं माझं आजही ठाम मत आहे, पण हे पत्र त्यासाठी नाही, हे पत्र मागे राहिलेल्या इमारतीसाठी आहे. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे पाण्याची टाकी, बाजूला मुलांनी लावलेली आवळ्याची आणि फणसाची झाडं आणि दाराला कुलूप. त्या कुलपाची एक चावी वाडीतल्या पालकांकडे राहावी, लेखी, अटी घालून, जबाबदारीसकट, एवढंच मागणं आहे. आणि अशी कुलपं फक्त आमच्या वाडीत नाहीत म्हणून पत्र खुलं लिहितेय.

आम्हाला ती जागा कशाला हवी ते आधी सांगते.

जुलै महिन्यात कोकणात भाताची लावणी असते. घरातला पुरुष मुंबईला, सासू-सासरे थकलेले, म्हणजे शेतात बाईच उतरणार. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, तेव्हा राज्याचा आकडा ९२९ होता, आणि जिल्ह्याची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी झाली होती, जवळपास १७ लाखांवरून १६ लाखांवर आली. बायकांचा हा आकडा कौतुकाने सांगणारे पण भेटतात, पण आमच्यासाठी त्याचा अर्थ सरळ आहे, कमावती माणसं बाहेर आणि घर, शेत, म्हातारी माणसं, पोरं हे सगळं एका बाईच्या अंगावर. मग तीन-चार वर्षांचं पोर घेऊन ती लावणीला कशी जाणार? बांधावर छत्री उघडून त्याच्याखाली बसवून ठेवायचं, वरून पाऊस, बाजूला वहाळ म्हणजे ओढा भरून चाललाय, गवतात साप-विंचू, आणि आई पाण्यात वाकलेली, तिची एक नजर रोपांवर आणि एक बांधावर. अंगणवाडी दुपारी सुटते, लावणी संध्याकाळपर्यंत चालते.

आमच्याकडे लावणी सावडीनेच होते, आज सगळ्या तुझ्या शेतात उद्या माझ्या शेतात, हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. तर आम्ही काय केलं, त्याच सावडीत मुलं सांभाळायचं काम घातलं. रोज दोघींनी शेतात उतरायचं नाही, वाडीतली सगळी बारकी पोरं त्या दिवशी त्यांच्याकडे, आणि त्यांचा तो दिवस लावणीचाच धरायचा, म्हणजे त्यांच्या शेतावर पण बाकीच्यांनी त्याच हिशोबाने यायचं. सुरुवातीला कुरकुर झाली, पोरं सांभाळणं हे काय काम आहे का असं थोरल्या माणसांनी विचारलं. मग एकदा मोठ्या पावसात सगळी पोरं एका घरात कोरडी, जेवून झोपलेली बघितली आणि ती कुरकुर थांबली. आता याची वही आहे, कोणाचा दिवस कोणाकडे राहिलाय ते त्यात लिहिलेलं असतं, भात कापायच्या वेळी तीच वही परत निघते आणि आंबा-काजूच्या दिवसात बागेत मजुरीला जाणाऱ्या बायकांना पण तिचाच आधार असतो.

यातून जे झालं ते नुसतं पोरं सांभाळण्यापुरतं राहिलं नाही. लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यातून आलेली सून, जी वर्षभर विहिरीवर मान खाली घालून यायची जायची, तिला या पाळीमुळे पाच घरं झाली. लॉकडाऊनमध्ये मुंबईहून कायमची परत आलेली दोन-तीन कुटुंबं आहेत, त्यांच्या मुलांना इथलं काहीच माहीत नव्हतं, ती या पडव्यांमध्येच रुळली. आजारपणात रिक्षा कोण बोलवणार, रात्री दवाखान्यात बरोबर कोण जाणार, हे आता विचारावं लागत नाही.

पण जागा नाही साहेब. हे सगळं कोणाच्या तरी पडवीत चालतं आणि ज्या घरात चालतं त्या घरच्या बाईवर पाणी, संडास, झाडलोट सगळं पडतं, त्या घरात कोणी आजारी पडलं किंवा सुतक आलं की बंद. आणि याहून मोठी अडचण वेगळीच आहे, ती जरा मोकळेपणाने लिहिते. आमच्या गावात प्रत्येक वाडीची बैठक वेगळी, प्रत्येकाचं सभागृह वेगळं, बौद्धवाडीचं विहार वेगळं, मोहल्ल्याचा हॉल वेगळा, देवळात मानकरी ठरलेले, आणि शिमग्याला पालखी आधी कोणाकडे यावरून बोलाचाली होतात त्या वेगळ्याच. मी कोणाला नावं ठेवत नाही, ज्याला जसं जमलं तसं त्याने आपलं छप्पर उभं केलं. पण चार वाड्यांच्या पोरांचं मिळून काही करायचं ठरलं की एकाच्या सभागृहात बसलं तर बाकीचे पाहुणे होतात, आणि पाहुणा काम करत नाही, चहा पिऊन जातो. अख्ख्या गावात शाळा ही एकच जागा अशी आहे जिथे कोणी पाहुणा नाही, प्रत्येकाच्या घरातलं कोणीतरी त्याच खोलीत बाराखडी शिकलंय, सगळ्यांची नावं त्याच हजेरीत होती.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हाचं तुम्हाला आठवत असेल, आमच्याकडच्या माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक दिवस लाईट नव्हती, शाळांचे पत्रे उडाले. आमच्या शाळेची कौलं बरीच वाचली होती, तर ज्यांची घरं उघडी पडली ती माणसं या दोन खोल्यांत येऊन झोपली, तेव्हा कुठल्या वाडीतला कोण हे कोणी विचारलं नाही. नंतर वाडीतल्या लोकांनीच कौलं चढवून ती शाळा परत शाकारली, गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने पैसे पाठवले, सुतार गावातलेच होते. म्हणजे जी इमारत आज आम्हाला उघडता येत नाही तिच्या छपरात आमच्या हातची कौलं आहेत.

बाकी कामं पण आहेत, थोडक्यात सांगते. दिवाळी झाली की वहाळावर बंधारा घालतो, रिकाम्या गोण्या माती भरून रचायच्या, एका वर्षी आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने सुचवलेला कोकण विजय बंधारा पण करून बघितला, दगड आणि प्लास्टिकचा, तो चांगला टिकला. खालच्या विहिरीला उन्हाळ्यात त्यामुळे पाणी राहतं. वर्गणी काढून ग्रासकटर घेतलाय, कारण पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, दोन्ही बाजूचं रान श्रावणात कमरेपर्यंत येतं आणि मुलं त्याच पाखाडीने शाळेत जातात, पाळीने एक मोठं माणूस बरोबर असतं. नियमात पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत पाहिजे, नकाशावर आमचं अंतर बसतंही, पण वहाळावरच्या साकवावरून, म्हणजे छोट्या पुलावरून, पाणी जायला लागलं की ते अंतर नकाशातलं राहत नाही. तर हा ग्रासकटर, पहारी, घमेली, सतरंज्या, मुलांसाठी जमवलेली पुस्तकं, हे सगळं चार घरांत विखुरलंय, पुस्तकांना वाळवी लागतेय आणि शंभर पावलांवर दोन कोरड्या खोल्या रिकाम्या पडल्यात. कोरड्या म्हणते पण फार दिवस नाही, वानरं कौलं सरकवतात, माणसाचा वावर नसलेली इमारत आमच्याकडच्या पावसात दोन-तीन वर्षांत खचते आणि मग निर्लेखनाचा, म्हणजे इमारत निकामी ठरवायचा, प्रस्ताव येतो, मग ती पाडली जाते. ज्यांनी बांधायला जागा दिली, दगड वाहिले त्यांच्यासमोर.

आम्ही अर्ज केला होता. एका कार्यालयाने सांगितलं इमारत आमच्या अखत्यारीत नाही, दुसऱ्याने सांगितलं अशी तरतूद नाही, तिसऱ्या ठिकाणी विचारलं की उद्या काही झालं तर जबाबदार कोण. पहिल्या दोन उत्तरांवर मी काय बोलू, पण तिसरा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आम्ही ग्रामस्थांनी बसून तयार केलंय. आधी जिल्हा परिषदेच्या इंजिनिअरने इमारत बघावी, धोकादायक असेल तर आम्हाला देऊच नका. सुरक्षित असेल तर पाच पालकांच्या सहीने चावी द्या, त्यातल्या निदान तिघी बायका असाव्यात आणि पाचही जण एकाच वाडीतले नसावेत. वापर फक्त मुलांसाठी आणि गावाच्या सामाईक कामासाठी, लग्न नाही, पक्षाची सभा नाही, भाड्याने देणं नाही, दारू नाही. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी येऊन बघावं, नियम मोडला असेल तर त्याच दिवशी चावी परत घ्यावी. किरकोळ डागडुजी आम्ही श्रमदानाने करू. आणि उद्या वाडीत मुलं वाढली, शाळा परत सुरू करायची वेळ आली तर आम्ही खोल्या झाडून पुसून शिक्षकांच्या ताब्यात देऊ, त्याच्याइतका आनंदाचा दिवस आमच्यासाठी दुसरा नसेल.

यात नवीन काय आहे सांगा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवले, निम्म्या बायका ठेवल्या, शाळेचा विकास आराखडा करायचं काम कलम २२ ने त्याच समितीला दिलं. म्हणजे शाळा चालू असताना त्या इमारतीत काय करायचं हे ठरवायला आम्ही चालतो, आणि शाळा बंद झाली की तेच पालक परके. २००५ च्या रोजगार हमीच्या कायद्यात होतं की कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. सरकारला हे काम आहे हे तेव्हाच मान्य होतं, फक्त स्वतःच्या शेतात राबणारी बाई त्यात येत नव्हती. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, या खोल्यांचं लाईटबिल आणि हंगामात मुलांच्या खाऊचा खर्च त्यातून सहज निघेल, तुमच्या खात्याकडे आम्ही पैसे मागतच नाही.

पैशाचं आमच्याकडे अडत नाही असंही नाही, पण कोकणात गावासाठी पैसे उभे करायची सवय जुनी आहे. आमच्याच तालुक्यातल्या मुरूडचे महर्षी कर्वे, त्यांनी गावच्या कामांसाठी मुरूड फंड काढला होता, नोकरीला बाहेर गेलेल्यांनी कमाईतला वाटा गावाला द्यायचा. आजची ग्रामस्थ मंडळं तेच करतात. फक्त हल्ली बहुतेक पैसा देवळाच्या जीर्णोद्धाराला आणि कमानीला जातो, मला मनापासून वाटतं की त्यातला थोडा या खोल्यांकडे वळला पाहिजे, आणि तो वळेल, पण कुलूप लावलेल्या इमारतीला कोण देणगी देणार?

काही शिक्षक मित्रांनी मला सावध केलंय की तुम्ही असं स्वतःहून करायला लागलात तर सरकार म्हणेल बघा लोक करतायत, मग शिक्षक कशाला, अंगणवाडी कशाला. त्यांची भीती मला पटते म्हणून स्पष्ट लिहिते, आम्ही शिक्षकाची जागा घेत नाही आणि अंगणवाडी सेविकेची तर नाहीच, त्या ताईंना आधीच किती कामं लावलीत ते आम्ही डोळ्यांनी बघतो. आई-बापांनी मिळून मुलांचं बघणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. शिकवायला प्रशिक्षित शिक्षक पाहिजे आणि तो सरकारनेच द्यायचा आहे, यातून आम्ही सरकारला सूट दिली असं कोणी धरू नये.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी समूह शाळांसाठी, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करण्यासाठी, प्रस्ताव मागवले तेव्हा २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची संख्या १४,७८३ सांगितली होती, त्यात मुलं होती १ लाख ८५ हजारांच्या वर. यातल्या किती राहतील किती जातील ते मला माहीत नाही, पण जिथे जिथे शाळा जाईल तिथे मागे इमारत राहणार आहे, आणि भोवती वाडी राहणार आहे, आणि त्या वाडीत थोडी का होईना मुलं असणारच आहेत. त्या इमारतींवर पहिला हक्क तिथल्या पालकांचा आहे असा एक शासन निर्णय काढा, मोठा नको, एका पानाचा, जो तालुक्याच्या ऑफिसात टेबलावर ठेवला की समोरच्याला तरतूद नाही असं म्हणता येणार नाही.

१ मे च्या ग्रामसभेत आम्ही हा विषय घेतोय, चारही वाड्यांतल्या पालकांच्या सह्या झाल्यात, ठरावाची प्रत रजिस्टर पोस्टाने तुमच्या कार्यालयात येईल. लावणी जुलैत आहे, त्याच्या आधी उत्तर मिळालं तर यंदाची पोरं त्या खोल्यांत बसतील. नाही म्हणायचं असेल तरी ते लेखी आणि कारण देऊन म्हणा, म्हणजे पुढे कोणाकडे जायचं ते आम्हाला ठरवता येईल.

कळावे,
एक आई,
दापोली तालुका, जि. रत्नागिरी