ढोल्यास पत्र, गळ्याच्या भानगडीबद्दल

नाशिक, रविवार, रात्री उशिरा

प्रिय ढोल्या,

फोन केला असता तर पहिल्याच मिनिटाला तू हसला असतास आणि मी चिडून ठेवून दिला असता, म्हणून लिहितोय. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू आहे, आई मजेत. हा विषय संपला.

दादाच्या धाकट्याच्या मेटल बँडचा पहिला अल्बम तयार झालाय. नऊ गाणी, तासाला थोडी कमी, शेवटचं एकटंच चौदा मिनिटांचं, तेही तपोवनातल्या झाडांवर. लिंक वेगळी पाठवतो. कुणाला देऊ नकोस, अजून बाहेर आलेला नाही. सगळं गंगापूर रोडवरच्या त्याच्या खोलीत झालंय. सात तारांची गिटार थेट लॅपटॉपला, अँप्लिफायर नावाची वस्तूच नाही. आपल्या बँडच्या दिवसांत आपण सातपूरहून रिक्षात अँप मांडीवर घेऊन यायचो ते सांगितलं, तर पोरं माझ्याकडे दयेने बघत होती. ड्रम्स पण सॉफ्टवेअरचे, एकेक ठोका माउसने बसवलेला. तुला राग येणार. मलाही आला होता, दुसऱ्या गाण्यापर्यंत.

तिसऱ्याला मात्र मी उठून बसलो. गिटार सात मात्रांत फिरते, दोन-दोन-तीन अशी, आणि खाली ड्रम्स मख्खपणे चारच्या हिशेबात चालू. अठ्ठावीस मात्रांनी दोघं एकदाचे भेटतात, आणि नेमकं त्याच जागी सगळं बंद. एक ठोका निव्वळ शांतता. रूपक तालात समेवरच खाली, म्हणजे टाळी नसलेली मात्रा येते ना, तसं! पंचवटीत गुरुजींकडे आपण तीन-दोन-दोन घोकलं, ह्यांनी ते उलटं केलंय असं वाटून मी कौतुकाने विचारायला गेलो, तर पुतण्या म्हणतो, "रूपक कोण, काका?" घ्या!

आता मूळ भानगड. बँडमध्ये गातो पुतण्याच. गुरगुरायला लागला की असा बिबट्या, की शेजारी वनखात्याला फोन लावतील. तिथे माझी काही तक्रार नाही. पण ह्या संगीतात नुसतं गुरगुरून भागत नाही, मध्येच मोकळ्या गळ्याने लांब ओळी येतात, आणि तिथे पोरगा वरच्या पट्टीत गेला की सूर खाली बसतो. मग तो सॉफ्टवेअरने ओढून जागेवर आणलाय. सूर आला, पण आवाज त्याचा राहिला नाही. पाचव्या गाण्याच्या शेवटी एक ओळ तीनदा येते, ती हेडफोन लावून ऐक. तिन्ही वेळा अगदी एकसारखी, श्वाससुद्धा तोच. कापून चिकटवलीय.

हे मी त्याला कधीतरी गोडीत सांगितलंही असतं. पण परवा गिटारवाला आणि बेसवाला कॉलेज रोडवर चहाला म्हणून मला घेऊन गेले. अर्धा तास इकडचं तिकडचं. मग गिटारवाला म्हणाला, "काका, मोकळी गाणी गायला दुसरा मुलगा बघितलाय. तुम्हीच सांगा ना त्याला. तुमचं ऐकेल." चाली याच्या, शब्द याचे, पैसे दादाचे, आणि निरोप्या मी!

माझ्या तोंडावर उदाहरणं तयार होती त्यांच्या. ड्रीम थिएटर ह्या अमेरिकन मेटल बँडच्या १९८९ च्या पहिल्या अल्बमवर चार्ली डॉमिनिची गायला, मग त्याला जावं लागलं, जेम्स लाब्री आला आणि १९९२ च्या दुसऱ्या अल्बमने नशीब उघडलं. पेरिफेरी ह्या दुसऱ्या बँडचा पहिला अल्बम २०१० चा, तोही गायक बदलत बदलतच आलेला. हे मलाच शिकवतात! मी म्हटलं, त्याच डॉमिनिचीला ड्रीम थिएटरने २००४ मध्ये लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमात परत स्टेजवर बोलावलं होतं, हे पण वाचा. बेसवाला म्हणाला, "हो ना काका, म्हणजे मैत्री राहते." काय बोलणार? चहाचे पैसे मात्र मीच दिले.

तर आता तू. आपल्या बँडमध्ये मी गायचो तेव्हा मिसळीच्या टेबलावर, तर्री वाढता वाढता, तू मला म्हणाला होतास, "भोंग्या, तू माइकपासून लांब उभा राहत जा." तेव्हा तू पुणेकर झालेला नव्हतास, तरी बोललास. मी पाव अर्धा टाकून निघून गेलो आणि तो गणपती आपण एकमेकांशी बोललो नाही. तुझं मत मला आजही मान्य नाही. वरचा सूर मला लागायचा, मॉनिटर नव्हता म्हणून ऐकू यायचं नाही. हा वाद मी मेल्यावरही चालू ठेव.

पण परवा त्या दोघांचे चेहरे बघताना आठवलं, की त्या दिवशी आपल्या बँडमधला जाड्या आणि कीबोर्डवाला मान खाली घालून मिसळ खात होते. एरवी जाड्या गप्प बसतो का? इतकी वर्षं मी सगळा राग तुझ्यावर काढला. तू आपणहून बोलला होतास, की त्या दोघांनी तुला पुढे केलं होतं?

खरं सांग. त्यावर माझं ठरणार आहे. तू आपणहून बोलला असशील तर मीही पुतण्याला समोर बसवून माझं मत म्हणून सांगतो, बाकी दोघांचं नाव न घेता. तुला पुढे केलं असेल तर ह्या दोघांना सांगतो, बाबांनो, तुमचं तुम्ही बोला, मित्र तुमचा आहे. दादाला काय सांगायचं ते पुढचं पुढे.

तुझं प्रमोशन झाल्याचं वहिनींच्या स्टेटसवरून कळलं, अभिनंदन. लेकीची दहावी ना यंदा? तिला ओरडू नकोस. नवीन फ्लॅटला लिफ्ट आहे म्हणे, मग येतो.

आणि तुझा ड्रमसेट अजून माझ्या माळ्यावरच आहे. पोरांना लाइव्ह शोसाठी हवाय. मी हो म्हणून टाकलंय. स्नेअरचं कातडं फाटलंय, नवीन तू पाठव.

तुझा,
भोंग्या