तिरपी रेघ

सांगली,
रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, सलग दोन तास मिळाले तर लिहीन ना!" तेवढ्यात बाळ उठलं आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून माझ्या डोक्यात ब्रिटिश नाटककार कॅरिल चर्चिल घोळते आहे. अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलं, पण ही बाई अभ्यासक्रमात कधी आली नाही. मी वाचली ती निवृत्तीनंतर.

जन्म १९३८चा, लंडनचा. बालपण काही वर्षं मॉन्ट्रियलला. ऑक्सफर्डला शिकताना नाटकं लिहू लागली. १९६१मध्ये लग्न, मग तीन मुलगे. पुढची दहाएक वर्षं तिने मुख्यतः बीबीसीसाठी श्रुतिका लिहिल्या. श्रुतिका आटोपशीर, महिनाभर तालमींना जायला नको. तीन पोरांच्या आईला तेच झेपत असणार, असं आपलं मला वाटतं. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये तिचं 'ओनर्स' हे नाटक लागलं १९७२मध्ये. तेव्हा ती ३४ वर्षांची होती. तू ३१. (टोमणा नाही, नुसती वजाबाकी.) दोन वर्षांनी त्याच थिएटरने तिला निवासी नाटककार नेमलं. त्या जागेवरची ती पहिली बाई.

पण मला सांगायचंय ते 'टॉप गर्ल्स'बद्दल, १९८२चं. नायिका मार्लीनला नोकरीत बढती मिळाली म्हणून हॉटेलात जेवण. पाहुण्या कोण? इतिहासातल्या आणि दंतकथांतल्या बायका: पुरुषवेषात पोप झालेली जोन, जपानच्या दरबारातली लेडी निजो, प्रवासी इझाबेला बर्ड, चित्रातून उतरलेली डल ग्रेट आणि नवऱ्याचं सगळं निमूट सोसणारी ग्रिझेल्डा. सगळ्या एकदम बोलतात. ते लिहायचं कसं? चर्चिलने वाक्याच्या मध्येच एक तिरपी रेघ मारली. रेघ आली की पुढचीने सुरू करायचं, पहिलीने थांबायचं नाही. तुझ्या मावश्या दिवाळीत फराळाला बसल्या की काय होतं ते आठव. कुणी कुणाचं ऐकत नाही, तरी कुणाचं काही सुटत नाही. आणि या सगळ्या गलक्यात ताटं-ग्लास आणणारी वेट्रेस आख्ख्या प्रवेशात एक शब्द बोलत नाही. मी दुसऱ्यांदा वाचताना मला ती दिसली. पहिल्यांदा मीसुद्धा तिच्याकडे बघितलं नव्हतं.

शेवटच्या अंकात काळ वर्षभर मागे जातो. मार्लीन बहिणीच्या स्वयंपाकघरात बसलेली, पंतप्रधान थॅचरबाईंवरून दोघींचं कडाक्याचं भांडण. आणि जिला सगळे भाची समजतात ती अँजी खरं तर मार्लीनची मुलगी, बहिणीने वाढवलेली. मार्लीनच्या वर जाण्याची किंमत कुणी मोजली ते तिथे कळतं. मी पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत उभी राहिले. तुझ्या आजीने तुला सांभाळलं म्हणून मी नोकरी करू शकले, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

'सीरियस मनी' १९८७चं, शेअरबाजारातल्या हावरट लोकांवर, तेही चक्क पद्यात. गंमत म्हणजे ते बघायला शेअरदलालांनीच गर्दी केली! क्लोनिंगवरचं 'अ नंबर' २००२चं, दोनच नटांचं: एक बाप आणि त्याचे एकसारखे दिसणारे मुलगे.

तुझ्यासाठी मात्र 'लव्ह अँड इन्फर्मेशन' पाठवते आहे. २०१२चं, म्हणजे बाई सत्तरी ओलांडलेल्या. पन्नासहून जास्त प्रवेश, काही तर दोन-चार ओळींचे. कोणतं वाक्य कुणाचं, तेही लिहिलेलं नाही. मला यातले काही प्रवेश फारच त्रोटक वाटले, कोड्यासारखे. तुला आवडतील. बाळाच्या एका दुपारच्या झोपेत तसे दोन तरी होतात.

गुरुवारच्या गाडीने येते आहे, डिंकाचे लाडू घेऊन. तुझी ती अर्धवट एकांकिका काढून ठेव, सासू-सुनेचा प्रवेश मला पुन्हा वाचायचा आहे. दोघी फार शहाण्यासारख्या आळीपाळीने बोलतात. पेन्सिल मी आणते.

बाळाला पापा.

तुझी,
आई